पहिल्या रेसलमेनियाच्या रात्री बॅकलंड कुठे होता?

परवा रात्री पहिला रेसलमेनिया, म्हणजे अमेरिकेच्या डब्ल्यूडब्ल्यूएफ या कुस्ती कंपनीचा (आजची डब्ल्यूडब्ल्यूई) सर्वांत मोठा शो, पुन्हा पाहिला. ३१ मार्च १९८५, न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन, जाहीर आकड्यानुसार १९,१२१ प्रेक्षक. एकही मॅच पुढे न ढकलता नऊच्या नऊ पाहिल्या. आणि झोपायला गेलो तेव्हा जे रिंगमध्ये दिसले त्यांच्यापेक्षा जे दिसलेच नाहीत तेच डोक्यात होते. दोन दिवस झाले, अजून आहेत. म्हणून लिहितो. पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा.

आमच्या पिढीने हे लोक आधी पत्त्यांवर पाहिले आणि मग टीव्हीवर. उंची, वजन, छाती, दंड, किती फाइट जिंकल्या. मधल्या सुट्टीत ते पत्ते जिंकायचे, हरायचे, चड्डीच्या खिशात घालून घरी आणायचे. केबल आली तेव्हा हल्क होगन आधीच देव झालेला होता. त्यामुळे कित्येक वर्षं मला वाटायचं की हे सगळं होगनपासूनच सुरू झालं. त्याच्याआधीच्या मॅच मी बऱ्याच उशिरा, चाळिशीला टेकल्यावर शोधून शोधून पाहिल्या. त्यात बॉब बॅकलंड भेटला आणि मी त्याचा झालो.

बॅकलंड म्हणजे मिनेसोटाचा लालसर केसांचा, शेजारच्या घरातला वाटेल असा मुलगा. कॉलेजात असताना १९७१ मध्ये तो अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्यापीठ स्पर्धेच्या दुसऱ्या विभागात कुस्तीत विजेता होता, म्हणजे मॅटवरची खरी कुस्ती जाणणारा. २० फेब्रुवारी १९७८ रोजी याच गार्डनमध्ये त्याने सुपरस्टार बिली ग्रॅहमला हरवून बेल्ट, म्हणजे कंपनीचं अजिंक्यपद, घेतला आणि जवळपास सहा वर्षं सांभाळला. ना भडक कपडे, ना आरडाओरडा. पायरीवर चढ-उतार करून दम वाढवायचा व्यायाम तो तासनतास करायचा, आणि ते रिंगमध्ये दिसायचं. समोरचा दमून लोंबकळायला लागायचा तेव्हा याचा श्वास नुकता लागायला सुरुवात झालेली असायची. महिन्यामागून महिना गार्डनमध्ये लोक त्याच्यासाठी तिकीट काढत होते.

२६ डिसेंबर १९८३ ची मॅच जरूर पाहा. आयर्न शेखने त्याला कॅमल क्लचमध्ये, म्हणजे पाठीवर बसून मान मागे खेचायच्या पकडीत, धरलेलं. बॅकलंड हार मानत नाही. शेवटी त्याचा मॅनेजर आर्नल्ड स्कालंड रिंगमध्ये टॉवेल फेकतो, म्हणजे त्याच्या वतीने हार मानतो, आणि बेल्ट जातो. म्हणजे तो ना चीत झाला ना त्याने हात टेकले. अशा पद्धतीने हरलेल्या माणसाला आपलं उसनं फेडायची संधी मिळाली पाहिजे, हे जगातल्या कुठल्याही कुस्तीच्या प्रेक्षकाला कळतं. २८ दिवसांनी, २३ जानेवारी १९८४ ला, गार्डनमध्ये शेखसमोर उभा राहिला तो मात्र होगन. बॅकलंडच्या जागी. होगन जिंकला, आणि पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे.

मागे चाललेलं एवढंच होतं की घर बदललं होतं. बॅकलंड हा कंपनीच्या जुन्या मालकाची, थोरल्या व्हिन्स मॅकमहनची निवड. धाकट्या व्हिन्सने १९८२ मध्ये वडिलांकडून कंपनी विकत घेतली, आणि मे १९८४ मध्ये वडील गेले. व्हिन्सला देशभर जायचं होतं, टीव्हीवर, एमटीव्हीवर, खेळण्यांच्या दुकानात. बॅकलंडने पुढे अनेकदा सांगितलंय की त्याला केस रंगवून खलनायक व्हायला सांगितलं गेलं आणि त्याने नकार दिला. ज्या मुलांनी आपल्याला चांगला माणूस म्हणून पाहिलं त्यांच्यासमोर तो वाईट व्हायला तयार नव्हता. १९८४ मध्ये तो गेला. रेसलमेनियाला एक वर्षही उरलं नव्हतं.

मी धंद्याची बाजू समजून घ्यायचा प्रयत्न केला. खरंच केला. व्हिन्सने त्या एका रात्रीवर किती काय पणाला लावलं होतं हे सर्वश्रुत आहे. क्लोज्ड सर्किटवर, म्हणजे गावोगावच्या सभागृहांत मोठ्या पडद्यावर तिकीट लावून शो दाखवायचा होता, आणि त्यासाठी कुस्ती न बघणारा माणूस आत आणायला हवा होता. म्हणून अभिनेता मिस्टर टी, गायिका सिंडी लॉपर, घंटेपाशी पियानोवादक लिबराची, बाहेरचा रेफरी म्हणून साक्षात मुहम्मद अली. त्यांच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. मिस्टर टीने तर मनापासून काम केलं. पण त्याच कार्डवर, म्हणजे त्या रात्रीच्या मॅचच्या यादीत, टिटो सँटानासमोर 'एक्झिक्युशनर' नावाचा मुखवटेवाला आहे, आणि किंग काँग बंडीने एस. डी. जोन्सला घोषित वेळेनुसार नऊ सेकंदांत झोपवलंय. जागा नव्हती असं कुणी म्हणू नये. जागा होती.

आता ब्रुनो सॅमार्टिनो. इथे मला जास्त वेळ थांबावं लागेल.

ब्रुनो त्या रात्री गार्डनमध्ये होता. मुलाच्या, डेव्हिडच्या कोपऱ्यात उभा. ब्रूटस बीफकेकविरुद्धची ती मॅच शेवटी गोंधळात गेली, दोघेही बाद. ब्रुनो रिंगमध्ये शिरला, बीफकेकच्या मॅनेजरला जॉनी व्हॅलियंटला त्याने चोपलं, आणि गार्डनच्या छताला आवाज लागला. मिनिटभराचं काम. सबंध शोमध्ये तो आवाज मला सर्वांत खरा वाटतो. कारण ते लोक सिंडी लॉपरसाठी आलेले नव्हते. ते बापाच्या खांद्यावर बसून ब्रुनोला बघत मोठे झालेले लोक होते.

इटलीतल्या पिझोफेराटो या डोंगरी गावातलं हे पोर. युद्धात जर्मन सैनिकांपासून लपून आईबरोबर डोंगरावर राहिलेलं, १९५० मध्ये पिट्सबर्गला आलेलं, अंगात काडीची ताकद नसलेलं. १७ मे १९६३ ला त्याने बडी रॉजर्सला ४८ सेकंदांत हरवलं आणि जानेवारी १९७१ पर्यंत बेल्ट सोडला नाही. साडेसात वर्षांहून जास्त. मग १९७३ पासून पुन्हा जवळपास साडेतीन वर्षं. एप्रिल १९७६ मध्ये स्टॅन हॅन्सनबरोबरच्या मॅचमध्ये त्याची मान मोडली आणि दोन महिन्यांत, २५ जूनला, तो न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये त्याच हॅन्सनसमोर उभा राहिला.

आणि हे नीट ऐका. त्या रात्री शे स्टेडियममध्ये आणखी काय होतं? तोक्योतली अली विरुद्ध जपानी पैलवान इनोकी ही लढत क्लोज्ड सर्किटवर, मोठ्या पडद्यावर दाखवली गेली. म्हणजे अली, क्लोज्ड सर्किट आणि कुस्ती हे तिन्ही एकत्र बांधायचा प्रयोग रेसलमेनियाच्या नऊ वर्षं आधी झाला होता, आणि न्यूयॉर्कची माणसं त्या स्टेडियममध्ये ओढून आणली होती ब्रुनोने, मोडलेल्या मानेनिशी. १९८५ मध्ये अली पुन्हा आला, क्लोज्ड सर्किट पुन्हा आलं, आणि ब्रुनो कोपऱ्यात उभा. त्याने स्वतःच सांगितलं होतं की तो परत आला तो मुलाला काम मिळावं म्हणून. आमच्याकडे जत्रेच्या मैदानात म्हाताऱ्या पैलवानालाही फेटा बांधून हलगीच्या तालावर आखाड्यात फिरवतात. ब्रुनो तर म्हातारासुद्धा नव्हता, ४९ वर्षांचा होता. वर्षभराने रेसलमेनिया २ मध्ये त्याला शिकागोच्या बॅटल रॉयलमध्ये, म्हणजे सगळे एकदम रिंगमध्ये उतरतात आणि शेवटी उरेल तो जिंकतो अशा मॅचमध्ये, घेतलं, फुटबॉलपटूंच्या गर्दीत वीसातला एक म्हणून. त्याच गर्दीत पेद्रो मोरालेस होता. न्यूयॉर्कच्या पोर्टो रिकन लोकांचा लाडका, १९७१ ते ७३ चा चॅम्पियन. पहिल्या रेसलमेनियात तोही नव्हता.

याच्याशेजारी ९ ऑगस्ट १९८० चं शे स्टेडियमचं कार्ड ठेवून बघा. वर ब्रुनो विरुद्ध त्याचाच चेला लॅरी झबिस्को, पिंजऱ्यात. बॅकलंड आणि मोरालेस यांची जोडी वाइल्ड समोअन्सविरुद्ध, आणि त्यांनी टॅगचे, म्हणजे जोडीचे, बेल्ट जिंकले. आणि याच कार्डवर खाली कुठेतरी आंद्रे द जायंटकडून हरणारा एक खलनायक होता. त्याचं नाव हल्क होगन. पाच वर्षांत पानं किती उलटली बघा. होगन वर गेला याचं मला दुःख नाही, त्याच्यात काय होतं ते मी लहानपणी अनुभवलंय. पण ब्रुनो, बॅकलंड, मोरालेस, ज्यांच्या नावावर ती स्टेडियमं भरली त्यांच्यातला एकही पहिल्या रेसलमेनियात लढताना दिसू नये, हे मला पटत नाही आणि पटणार नाही.

अमेरिकन सैनिकाच्या रूपात येणाऱ्या सार्जंट स्लॉटरची गोष्ट वेगळी आहे, आणि माझ्या मते त्या काळात सर्वांत जास्त नुकसान कार्डचं झालं ते त्याच्या जाण्याने. १९८४ मध्ये होगनच्या खालोखाल लोकांचा आवाज कुणासाठी यायचा, तर स्लॉटरसाठी. १६ जून १९८४ ची गार्डनमधली शेखबरोबरची बूट कॅम्प मॅच, म्हणजे जवळपास नियमच नसलेली, बघा. दोघेही रक्तबंबाळ, लोक खुर्च्यांवर उभे. असा माणूस ऐन भरात गेला तो एका खेळण्यामुळे. हॅस्ब्रो कंपनीला जी. आय. जो या खेळण्यांत सार्जंट स्लॉटर हवा होता. कंपनीचा करार दुसऱ्या खेळणीवाल्याशी, एलजेएनशी. स्लॉटरने स्वतः सांगितलेली हकीकत अशी, की व्हिन्सने नाही म्हटलं आणि त्याने खेळणं निवडलं. तो एडब्ल्यूए या दुसऱ्या कुस्ती कंपनीत गेला, आणि जी. आय. जोच्या कार्टूनमध्ये स्वतःच्या नावाने, स्वतःच्या आवाजात आला.

स्लॉटर बरोबर होता. आपला चेहरा, आपलं नाव, आपली हनुवटी ही आपली आहे, असं म्हणणाऱ्या पैलवानाला त्या काळात कुणी वाली नव्हता. ना संघटना, ना विमा. पाठ मोडली तर घरी बसायचं. अशा धंद्यात खेळण्याचा चेक हाच म्हातारपणाचा आधार. १९९० मध्ये तो परत आला तेव्हा अमेरिकेचा सैनिक असलेल्या याच माणसाला इराकचा समर्थक केलं, चॅम्पियन केलं, आणि मार्च १९९१ च्या सातव्या रेसलमेनियात शेवटच्या मॅचमध्ये होगनकडून हरवलं. १९८५ मध्ये त्याला कार्डवर जागा नव्हती, सहा वर्षांनी मुख्य मॅच मिळाली. पण ज्या रूपावर लोकांनी प्रेम केलं होतं ते उलटं करून.

काही जण दुखण्याने राहिले. हिलबिली जिमला होगननेच तयार केलं अशी गोष्ट रचली होती, लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं होतं, आणि ऐन वेळी त्याचा गुडघा गेला. जेसी व्हेंचुराच्या फुप्फुसात १९८४ मध्ये रक्ताच्या गाठी निघाल्या आणि होगनबरोबरच्या त्याच्या ठरलेल्या लढती रद्द झाल्या. तो त्या रात्री गोरिला मन्सूनशेजारी कॉमेंट्रीला होता. त्याचा आवाज ऐकताना मला हे सारखं आठवत राहतं. रॉकी जॉन्सन आणि टोनी अ‍ॅटलस, १९८३ मध्ये कंपनीचे पहिले कृष्णवर्णीय टॅग चॅम्पियन, दोघेही कार्डवर नाहीत. डॉन मुराको, दोनदा इंटरकाँटिनेंटल (कंपनीचा दुसऱ्या क्रमांकाचा बेल्ट) चॅम्पियन, तोही नाही. तोच मुराको ८ जुलै १९८५ ला पहिली किंग ऑफ द रिंग स्पर्धा जिंकला. सँटानाने त्याच्याकडूनच इंटरकाँटिनेंटल बेल्ट घेतला होता. मुखवटेवाल्याच्या जागी मुराको असता तर पहिल्या रेसलमेनियाची पहिलीच मॅच काय झाली असती!

जिमी स्नुकाबद्दल लोक मला हमखास विचारतात. ऑक्टोबर १९८३ मध्ये पिंजऱ्याच्या माथ्यावरून मुराकोवर उडी घेणारा, खलनायक रॉडी पायपरने ज्याच्या डोक्यात नारळ फोडला तो. त्याला त्या रात्री मॅच नव्हती, फक्त होगनचा कोपरा. पण त्याच्या बाजूने मी लिहिणार नाही. मे १९८३ मध्ये त्याच्या मैत्रिणीचा मृत्यू झाला, २०१५ मध्ये त्यासाठी त्याच्यावर गुन्हा दाखल झाला, आणि जानेवारी २०१७ मध्ये मानसिक स्थितीमुळे तो खटला चालवण्यास अपात्र ठरल्यामुळे आरोप मागे पडले. काही दिवसांत तोही वारला. त्या मुलीच्या घरच्यांना निकाल मिळालाच नाही.

त्याऐवजी वेंडी रिक्टरबद्दल बोलू. ती तर कार्डवर होती, आणि सिंडी लॉपर तिच्या कोपऱ्यात. लीलानी काईला हरवून तिने महिलांचा बेल्ट परत घेतला. पैशांवरून वाद होताच. आठ महिन्यांनी, २५ नोव्हेंबर १९८५ ला, याच गार्डनमध्ये मुखवटा घालून आलेल्या फॅब्युलस मूला या जुन्या महिला पैलवानाने तिला खाली धरलं, रेफरीने तिचा खांदा वर असताना झटकन मोजलं, आणि बेल्ट गेला. या कुस्तीत निकाल आधी ठरलेला असतो, पण तिला काहीही सांगितलं नव्हतं. ती तशीच निघून गेली. रेसलमेनिया २ मध्ये तिचं नाव नाही. ज्या मुलीमुळे एमटीव्हीवर हा खेळ आला, तिला दुसऱ्या वर्षी जागा उरली नाही.

बॅकलंडला रेसलमेनिया मिळाला तो १९९३ मध्ये, नवव्यात. लास व्हेगासला उन्हात, रेझर रेमनसमोर. चार मिनिटंही नाहीत. पुढच्या वर्षी त्याने बेल्ट परत जिंकला, तोही टॉवेलनेच. चॅम्पियन ब्रेट हार्ट त्याच्या पकडीत होता आणि ब्रेटच्या आईने टॉवेल फेकला. तीन दिवसांनी गार्डनमध्ये डीझलने त्याला आठ सेकंदांत हरवलं.

ब्रुनो कंपनीपासून पंचवीस वर्षं दूर राहिला. ६ एप्रिल २०१३ ला, न्यूयॉर्कमध्ये, मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्याला आणि बॅकलंडला एकाच रात्री हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. ब्रुनो ७७ वर्षांचा होता. तो माईकपाशी उभा राहिला तेव्हाचा गार्डनचा आवाज मी परवा रात्री १९८५ च्या त्या आवाजामागोमाग लगेच लावून ऐकला. लेक शेजारच्या खोलीतून उठून आला आणि विचारू लागला, बाबा, हे कोण आहेत. मग त्याला शेजारी बसवून हॅन्सनबरोबरची १९७६ ची मॅच लावली.