नावाची बदली

माझ्या मालकीचं एक डॉट कॉम नाव, म्हणजे डोमेन, आहे. ९ वर्षांपूर्वी घेतलं. त्यावर 'लवकरच येत आहोत' अशी पाटी लटकते आहे, आणि लवकर म्हणजे कधी हे लिहिलेलं नसल्यामुळे ती अजून खोटी ठरलेली नाही. त्या नावाचा खरा उपयोग एकच. त्यावरून माझा ईमेल चालतो.

पहिल्या वर्षी जवळजवळ फुकट मिळालेलं हे नाव नूतनीकरणाला मात्र दरवर्षी अंगावर येऊ लागलं. म्हणून रजिस्ट्रार बदलायचं ठरवलं. काम तसं किरकोळ. सगळ्या डॉट कॉम नावांची मूळ वही व्हेरिसाइन नावाच्या कंपनीकडे असते. आपण ज्यांना पैसे भरतो ते रजिस्ट्रार म्हणजे त्या वहीत आपल्या वतीने लिहिणारे कारकून. एका रकान्यातला जुना कारकून खोडायचा, नवा लिहायचा. (१९९९ पर्यंत डॉट कॉमला कारकूनच एक होता. कुठे जायचं हा प्रश्नच नव्हता.)

निघण्याआधी जरा आवराआवर करावी म्हटलं, तिथेच फसलो. मालकाचा ईमेल म्हणून माझा कॉलेजातला पत्ता होता. त्यात टोपणनाव, 'रॉकस्टार' हा शब्द आणि जन्मसाल, सगळं एका दमात. नव्या घरी हे घेऊन जायची लाज वाटली. तो काढून स्वतःच्या डोमेनवरचा रुबाबदार पत्ता टाकला. मग ऑथ कोड, म्हणजे नाव दुसरीकडे न्यायचा परवलीचा शब्द, मागायला गेलो, तर बटण राखाडी. दाबलं, पुन्हा दाबलं, जोरात दाबलं.

चॅटवर मदतनीस आली.

"सर, आपण ईमेल बदललात. त्यामुळे डोमेन ६० दिवस लॉक आहे."

"अहो, ईमेल माझा, डोमेन माझं, बदलणाराही मीच."

"हो सर. म्हणूनच ते सुरक्षित आहे."

कोणापासून, हे विचारायचं धाडस झालं नाही. नियम आयकॅनचा, म्हणजे जगभरच्या डोमेन नावांचा कारभार पाहणाऱ्या संस्थेचा, आणि चिडून झाल्यावर पटण्यासारखा. नाव चोरणारा आधी ईमेल बदलतो आणि मग नाव घेऊन पसार होतो. म्हणजे माझ्या आवराआवरीची पद्धत नेमकी चोराची होती. कुलूप नको असेल तर बदल करण्याआधी तसं सांगायची एक चौकट तिथे होती म्हणे. ती मला आठवते. कुकीजची असेल समजून मी ती मिटवली होती.

त्या ६० दिवसांत मुदत संपत आली, आणि जे नूतनीकरण टाळायला निघालो होतो तेच मुकाट्याने केलं.

६१ व्या दिवशी बटण निळं झालं. या कोडला कुणी ऑथ कोड म्हणतं, कुणी ईपीपी कोड, कुणी ट्रान्सफर की. ही तीन वेगळी कागदपत्रं नाहीत हे कळण्यात माझी एक दुपार गेली. कोड ईमेलने आला. मांजर कीबोर्डवरून चालत जावं तशी १६ अक्षरं. मधोमध एक उभी रेघ. ती कॅपिटल आय, स्मॉल एल की एक? शेजारचा गोल म्हणजे ओ की शून्य? चारदा टाइप केला, चारदा 'कोड चुकीचा'. मग शहाण्यासारखा कॉपी करून चिकटवला. तरी चुकीचाच. शेवटी चश्मा लावून पाहिलं, तर कोडच्या मागोमाग एक रिकामी जागा गुपचूप चिकटून आली होती.

मग जुन्या कारकुनाचं पत्र आलं. भलंमोठं हिरवं बटण: 'बदली रद्द करा'. खाली मुंगीएवढ्या अक्षरांत: 'मंजूर'. सवयीने बोट हिरव्याकडे गेलंच होतं. पत्रात पुढे लिहिलं होतं, ५ दिवसांत काहीच कळवलं नाहीत तर बदली आपोआप होईल. मौनं संमतिलक्षणम्! आयुष्यात प्रथमच काही न करण्याने माझं काम पुढे सरकणार होतं. मी मंजूर दाबलं नाही. ही संधी परत येणार नव्हती.

सहाव्या दिवशी बदली झाली. मुदतीत एक वर्षाची भर पडली, शिवाय नवा निरोप: आता पुढचे ६० दिवस दुसरीकडे जाता येणार नाही. आनंद आहे.

त्यानंतरचे तीन दिवस विलक्षण शांततेत गेले. एकही ईमेल नाही. जाहिराती नाहीत, आठवणी नाहीत. चौथ्या दिवशी शंका आली. माझ्या नेमसर्व्हरची, म्हणजे नावाचा ठावठिकाणा इंटरनेटला सांगणाऱ्या यंत्राची, सोय जुन्या कारकुनाकडेच होती आणि गिऱ्हाईक गेल्यावर त्याने ती बंद केली होती. पत्र कुठे पोचवायचं हे सांगणाऱ्या नोंदी मी सोबत आणल्याच नव्हत्या. घाईघाईने नव्या कंपनीचं चॅट उघडलं आणि सगळी कहाणी सांगितली.

"काळजी करू नका सर," तिकडून उत्तर आलं. "कोणत्या नोंदी कशा भरायच्या, ते सगळं सविस्तर तुमच्या नोंदणीकृत ईमेलवर पाठवलंय."