सत्काराचे अल्बम वाचले, पत्रं काट्यावर गेली

मोठी पोस्ट आहे, वेळ असेल तरच वाचा.

आमचे मामांजी (नवऱ्याचे मामा) गेल्या पावसाळ्यात गेले. दोनदा नगरसेवक होते, त्याआधी अन् त्यानंतर आयुष्यभर वेगळ्या विदर्भाच्या मागे. नागपुरातल्या मानेवाड्याचं घर आता फ्लॅटस्कीमला द्यायचंय म्हणून रिकामं करणं सुरू होतं, मी मदतीला गेले. हॉलमध्ये बघते तर सत्काराचे अल्बम, शाली, सन्मानचिन्हं, मोठ्या नेत्यांसोबतचे फोटो, सगळं पुसूनपासून प्लास्टिकमध्ये बांधलेलं. अन् मागच्या अंगणात कबाडी काटा लावून बसलेला. काट्यावर काय, तर चाळीस वर्षांची पत्रं. लोकांची. नळाला पाणी येत नाही, नाली तुंबली, पोराला कुठं चिकटवून द्या, राशन कार्डातून सुनेचं नाव कटलं. एकेका पत्रावर मामांजींच्या हिरव्या पेनाने तारीख अन् कोणाला फोन केला ते. मामीजी म्हणाल्या, "अगं ते काहून वाचतेस, ते लोकांचं रडगाणं आहे, यांचं काही नाही त्यात."

यांचंच तर होतं सगळं.

दोन पोते आधीच तोलून झाले होते, ते गेले. बाकीचं थांबवलं. माझी एक मैत्रीण पुराभिलेखाच्या (म्हणजे जुने कागद निवडून जपण्याच्या) कामात आहे, दिल्लीला राष्ट्रीय अभिलेखागाराचा एक वर्षाचा डिप्लोमा केलेली, तिला फोन लावला. मला वाटलं शाबासकी देईल. तोवर मी उत्साहात सगळी पत्रं वर्षावार लावून टाकली होती, रबर बँड घालून. तिने आल्या आल्या डोक्याला हात लावला. म्हणे, माणसाने कागद ज्या क्रमाने ठेवले तो क्रमच अर्धी माहिती असते, पाण्याच्या तक्रारीच्या पत्राला मामांजींनी इंजिनिअरचं उत्तर अन् मोर्चाचं हँडबिल टाचून ठेवलं होतं म्हणजे त्यांच्या डोक्यात ते एकच प्रकरण होतं, तू ते तीन वर्षांच्या तीन गठ्ठ्यांत टाकलंस. काय बोलणार, गप बसले.

मग तिने बाबासाहेबांचं उदाहरण दिलं. त्यांच्या निधनानंतर त्यांचे कागद कित्येक वर्षं कोर्टाच्या ताब्यात होते, पुढे महाराष्ट्र सरकारने १९७९ पासून ते खंडांनी छापायला घेतले अन् संपादनाचं काम केलं ते आपल्या नागपूरच्याच वसंत मून यांनी. १९८७ मध्ये त्यांच्या 'रिडल्स इन हिंदुइझम' या ग्रंथाचा खंड आला तेव्हा केवढा गदारोळ झाला ते जुन्या लोकांना आठवत असेल. पण त्यातली खरी डोकेदुखी वेगळीच होती, प्रकरणं सुट्या सुट्या फायलींत, त्यावर बाबासाहेबांच्या हातच्या खाडाखोडी, अन् ग्रंथाची अंतिम प्रत सापडलीच नाही. मग क्रम संपादकांना जुळवावा लागला. जिथे एवढ्या मोठ्या माणसाच्या कागदांचं हे, तिथे आमच्या मामांजींची काय कथा.

आता मला वाटायचं की अभिलेखागारवाले म्हणजे सगळं जपून ठेवणारे लोक. साफ चूक. ते फेकणारे लोक आहेत, फक्त विचार करून फेकणारे. अमेरिकेचं राष्ट्रीय अभिलेखागार स्वतःच सांगतं की सरकारी कामकाजात तयार होणाऱ्या कागदांपैकी फक्त १ ते ३ टक्के कायमचे ठेवण्यालायक निघतात. आपल्या सरकारी रेकॉर्ड रूममध्येही तेच, 'अ' वर्ग कायम, 'ब' ३० वर्षं, असं करत 'ड' वर्ग वर्षभरात मोडीत. मैत्रिणीने दोन दिवसांत निम्मं घर मोकळं केलं. छापील जीआर बाहेर (दुसरीकडे मिळतात), झेरॉक्सच्या झेरॉक्स बाहेर, शाली अर्थातच बाहेर, मामीजी रागावल्या. तिचा प्रश्न दर वेळी एकच, हे आणखी कुठं मिळेल का? लग्नपत्रिका सहाशेच्या वर होत्या, मी म्हटलं ह्या तर जाऊ दे, तर तिने एकेक उलटी करून पाहिली. कारण मामांजी मीटिंगमध्ये हाताला येईल त्याच्या पाठीवर टिपण करायचे. एका पत्रिकेमागे वॉर्डातल्या कोणत्या गल्लीत किती घरं, कोण कोणाचं ऐकतं, पूर्ण हिशोब! पुढच्या बाजूला चि. सौ. कां. अन् मागे निवडणूक.

अल्बम तिने पाहिलेच नाहीत जवळपास. मागे नाव-तारीख नसलेला सत्काराचा फोटो म्हणजे हार घातलेली दहा अनोळखी माणसं, बस.

एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यातच आली नव्हती. पत्र कागद म्हणून मामांजींचं, पण त्यातल्या मजकुरावरचा हक्क लिहिणाऱ्याचा. अन् लिहिणाऱ्यात एक बाई आहे, नवरा मारतो म्हणून नगरसेवकाला लिहिलंय, पत्त्यासकट, ती बाई आजही तिथंच राहत असेल तर? ही पत्रं वेगळ्या पाकिटात, काही दशकं बंद. सगळं स्कॅन करून फेसबुकवर टाकू म्हणणारी मी, तेव्हा जरा थंड झाले.

सरकारी कागदांना निदान कायदा आहे. केंद्राचा १९९३ चा आहे, परवानगीशिवाय रेकॉर्ड नष्ट केलं तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, १८९२ च्या आधीचा कागद तर अगदीच निकामी झाल्याशिवाय मोडीत काढता येत नाही. महाराष्ट्राचाही २००५ चा आहे. (आगीला कायदा लागत नाही ही गोष्ट वेगळी, जून २०१२ ला मंत्रालय जळालं तेव्हा किती फायली गेल्या ते आठवा.) पण नेत्याच्या घरातल्या कपाटाला काहीच लागू नाही. ते घरच्यांचं. अमेरिकेतही राष्ट्राध्यक्षाचे कागद त्याची खासगी मालमत्ताच होते, निक्सनच्या भानगडीनंतर १९७८ मध्ये कायदा करून ते देशाचे केले. आपल्याकडे २००८ मध्ये दिल्लीच्या तीन मूर्तीतून (तेव्हाचं नेहरू स्मारक संग्रहालय अन् ग्रंथालय) नेहरूंच्या कागदांची ५१ खोकी सोनिया गांधींकडे गेली, त्यावरून आता ओढाताण चालू आहे. मला त्यात कोणाची बाजू घ्यायची नाही, माझं म्हणणं एवढंच की देताना काय दिलं, कायमचं दिलं की ठेवायला दिलं, कोण कधी पाहू शकेल, हे त्याच दिवशी लिहून घ्या. आपण घराचं भाडेपत्र करतो, याचं करत नाही.

अन् नागपूरचं काय? हिंदू महासभेचे डॉ. मुंजे आपले, त्यांचे कागद अन् डायऱ्या दिल्लीला तीन मूर्तीत. वणीचे, स्वातंत्र्यलढ्यातले लोकनायक अणे, तेही तिथंच. वाचले हे नशीब, मी परत मागत नाही. पण १९५६ पर्यंत हे शहर राजधानी होतं राजेहो, नागपूर कराराचं (विदर्भ महाराष्ट्रात घेताना झालेला तो) भांडण आपण अजून करून राहिलो, अन् त्या भांडणातल्या साध्या कार्यकर्त्यांची टिपणं इथं फुटपाथच्या भेळीत जाऊन राहिली. सरकारी पुराभिलेखाची शाखा आहे शहरात, पण मी आधी एका संस्थेत विचारलं तर म्हणाले, "ग्रंथसंपदा असेल तर आणा, सुटे कागद नको."

ज्यांच्या घरी असं कपाट आहे त्यांनी सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको, ते उलटं फिरत नाही. टाचण्या गंजतात, हळू काढा. पेटी जमिनीवर ठेवू नका, सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलावाचं पाणी घरात शिरलं तेव्हा पलंगाखालचं सगळं आधी गेलं. भिजलेच कागद तर घाईने उन्हात न टाकता फ्रीजरमध्ये ठेवायचे, बुरशी थांबते, हे मलाही आत्ताच कळलं. अन् कूलरच्या खोलीत कागद म्हणजे आपल्या हाताने वाळवी-बुरशीला आवतण, नागपुरात हे कोणीच सांगत नाही.

मामांजींचा मोबाईल भाच्याने फॉर्मॅट करून वापरायला घेतलाय. शेवटची दहा वर्षं सगळं राजकारण व्हॉट्सॲपवर होतं त्यांचं. हे मैत्रिणीला सांगितलंच नाही मी.

तर सध्या अकरा खोकी आमच्या बेडरूममध्ये आहेत. कूलर हॉलमध्ये हलवलाय. पारा ४३ वर गेलाय अन् नवरा रात्री उठून उठून स्वतःच्याच मामाला शिव्या देऊन राहिला.