‘सर्व्हेअर येईपर्यंत पाणीसुद्धा पुसू नका’ म्हणे!

घराच्या विम्याबद्दलचा तो लांबलचक फॉरवर्ड तुमच्याकडेही आलाच असेल. ‘एका निवृत्त विमा अधिकाऱ्याचा सल्ला’ अशी सुरुवात, नाव कुणाचंच नाही, खाली ‘जनहितार्थ’ आणि हात जोडलेले. माझ्याकडे तो तीन ग्रुपवर आला आणि मी तीनदा डिलीट केला, तेव्हाच काहीतरी लिहायला हवं होतं, कारण चौथ्यांदा तो माझ्या आत्याकडे गेला आणि तिने तो पाळला.

झालं असं की आत्या आणि काका दोन दिवस बाहेर होते आणि इकडे गीझरची नळी फुटली. घरी येऊन बघतात तर बेडरूममध्ये बोटभर पाणी, उंबऱ्याने अडवलेलं. काकांनी मेन कॉक बंद केला, बादली आणली, आणि तेवढ्यात आत्याला तो मेसेज आठवला. ‘क्लेम हवा असेल तर सर्व्हेअर येईपर्यंत घरातली एकही वस्तू हलवू नका, पाणीसुद्धा पुसू नका, पुरावा नष्ट होतो.’ (सर्व्हेअर म्हणजे कंपनीतर्फे नुकसानीची पाहणी करायला येणारा माणूस.) बादली परत बाथरूममध्ये गेली. कंपनीला कळवलंच नव्हतं, कारण कस्टमर केअरचा फोन लागेना आणि ईमेल करायचं दोघांनाही सुचलं नाही. मला चौथ्या दिवशी कळलं. दार उघडल्या उघडल्या ओल्या गोणपाटासारखा वास. गादीने खालून पाणी ओढून घेतलेलं आणि कडेने काळे ठिपके आलेले, प्लायवूडच्या कपाटाचा तळ फुगून पापुद्रे सुटलेले, दार अर्ध्यात अडकलेलं. आणि आत्या हॉलमध्ये खुर्चीवर बसून मला सांगतेय, ‘अगं, हात नको लावूस, पुरावा आहे तो.’

डोक्यात तिडीक गेली, पण आत्यावर नाही.

तर आधी याच मुद्द्याचं बघू, बाकीचे नंतर. आत्याची पॉलिसी ‘भारत गृह रक्षा’ आहे. घराची ही साधी पॉलिसी १ एप्रिल २०२१ पासून जनरल इन्शुरन्स कंपन्या एकाच ठरावीक साच्यात देतात, आयआरडीएआयने म्हणजे विमा नियामकाने तसं ठरवून दिलंय, त्यामुळे कंपनी कुठलीही असो, मूळ मजकूर एकच. तो मजकूर कंपनीच्या साइटवर पडलेला असतो, फुकट. त्यात क्लेमच्या भागात साध्या भाषेत लिहिलंय की नुकसान आणखी वाढू नये म्हणून शक्य ते सगळं तुम्ही करायचं, फोटो काढायचे, पुरावा जपायचा, आणि कंपनीने पाहणी करून परवानगी देईपर्यंत खराब झालेली वस्तू विकायची नाही, कुणाला द्यायची नाही, फेकायची नाही. बस. पाणी पुसू नका असं कुठेही नाही, उलट पुसलं नाही तर तुम्हीच अट मोडता! फोटो काढा, एक सलग व्हिडिओ काढा ज्यात भिंतीवर पाणी कुठपर्यंत चढलं होतं ती रेघ दिसेल, फुटलेली नळी पिशवीत घालून ठेवा, आणि मग लगेच पाणी काढा, गादी उभी करा, पंखे लावा, कपाट उंचावर घ्या. वीज आधी बंद, हे सांगायला नको पण सांगते, कारण त्या फॉरवर्डमध्ये पाण्यातल्या विजेबद्दल एक अक्षर नाही.

आम्ही त्याच दिवशी ईमेल केला. सर्व्हेअर आले तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न काय विचारला माहितीये? ‘पाणी कधी दिसलं आणि कधी काढलं?’ आत्या माझ्याकडे बघायला लागली. खरं तेच सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं. नळी फुटून झालेलं नुकसान पॉलिसीत बसतं, पाण्याच्या टाक्या आणि नळ्या फुटणं हे त्या यादीत स्पष्ट आहे. पण पहिल्या दिवशी जे भिजलं आणि पुढच्या तीन दिवसांत जे कुजलं, यातला फरक आता कंपनी काढणार, आणि काढला तर मी कुठल्या तोंडाने भांडू?

दुसरा मुद्दा जो मला याच्याइतकाच वाईट वाटतो. ‘कंपनी कापतेच, म्हणून नुकसान दुप्पट सांगा.’ हे तर सरळ फसवणूक करायला शिकवणं झालं. काकांनी पण उत्साहाने यादीत टीव्ही लिहिला होता, जो दिवाळीपासून बंद आहे आणि भिंतीवर डोक्याच्या उंचीला टांगलाय. बोटभर पाणी तिथे कसं चढलं ते काकाच जाणोत. मी खोडला. सर्व्हेअर रोज हेच बघतो हो, ओली वस्तू आणि ओली केलेली वस्तू त्याला कळते. आणि पॉलिसीत फसवणुकीचं कलम असं आहे की खोटा क्लेम केला तर खोट्या भागापुरतं नाही, सगळंच हातचं जातं. खोट्या टीव्हीपायी खरं कपाट घालवायचं, म्हणजे तेलही गेलं आणि तूपही गेलं. कंपन्या रक्कम कापतात हे मान्य, नाही म्हणत नाही, पण त्यावर उपाय म्हणजे कापलं तर का कापलं ते लेखी मागणं.

‘२४ तासांत कळवलं नाही तर क्लेम कायमचा गेला.’ अर्धवट. लवकर कळवायचंच, फोन लागला नाही तर ईमेल, ईमेलची वेळ हाच पुरावा. पण २४ तास उलटले म्हणून दार बंद असं नाही. नियामकाने २० सप्टेंबर २०११ च्या परिपत्रकातच कंपन्यांना सांगितलंय की उशिराचं कारण खरं आणि टाळता न येणारं असेल तर निव्वळ उशीर दाखवून क्लेम फेटाळू नका. क्लेम फॉर्मसाठी तर नुकसान लक्षात आल्यापासून ३० दिवस आहेत. अर्थात ‘फॉरवर्डमध्ये सांगितलं म्हणून पाण्यात बसून राहिलो’ हे कारण कितपत चालेल ते मला विचारू नका.

‘बिल नाही तर दमडी नाही.’ हे ऐकून आत्या सगळ्यात जास्त घाबरलेली, कारण कपाट अकरा वर्षांपूर्वी सुताराने घरी बसून केलेलं, बिल कसलं आणि काय. नियामकाच्या ११ जून २०२४ च्या मास्टर सर्क्युलरमध्ये, म्हणजे एकत्रित परिपत्रकात, लिहिलंय की कागदपत्रं नाहीत एवढ्या कारणावरून क्लेम नाकारता येणार नाही, आणि मागायचे ते कागद क्लेमशी थेट संबंध असलेलेच. बिल असेल तर काम सोपं होतं, हे खरंच. नसेल तर कपाट स्वतः तिथे उभं आहे की! शिवाय आम्हाला वाढदिवसाचा एक जुना फोटो सापडला, केक कापणाऱ्या मुलीच्या मागे अख्खं कपाट, दारासकट. तो जोडला, दुसऱ्या सुताराकडून आज तसंच करायला किती लागतील याचं लेखी कोटेशन घेतलं आणि तेही जोडलं. गादी-कपाटासाठी वेगळा विमा घेतलाच नव्हता ही पण तिची एक भीती होती, तर या पॉलिसीत इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये, घरातल्या सामानासाठी आपोआप धरलेले असतात. दागिने वगैरे यात धरू नका, त्यांचं वेगळं.

‘सर्व्हेअर कंपनीचाच माणूस, त्याने लिहिलं ते फायनल.’ नेमणूक कंपनी करते आणि फी पण कंपनीच देते, त्यामुळे लोकांना संशय येतो, मलाही येतो. पण तो नियामकाचा परवाना घेतलेला असतो, आणि त्याचा रिपोर्ट म्हणजे काही दगडावरची रेघ नाही. सुप्रीम कोर्टाने २००९ मध्ये न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स विरुद्ध प्रदीप कुमार या निकालात हेच म्हटलंय, सर्व्हेअरचा रिपोर्ट महत्त्वाचा पण अंतिम शब्द नाही. मुदतीही ठरलेल्या आहेत, वर म्हटलेल्या त्याच सर्क्युलरमध्ये: कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा, त्याने १५ दिवसांत रिपोर्ट द्यायचा, रिपोर्ट मिळाल्यावर ७ दिवसांत कंपनीने निर्णय द्यायचा. फॉरवर्डमधले २४ तास बहुतेक इथूनच चोरलेत. मुदत कंपनीला होती, यांनी ती आपल्या डोक्यावर ठेवली.

शेवटचा मुद्दा, ‘नाकारलं तर कोर्टात वकिलाला लाखभर घाला नाहीतर विसरून जा.’ आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी कळवायचं. महिनाभर उत्तर नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल, म्हणजे इन्शुरन्स ओम्बड्समन. ५० लाखांपर्यंतच्या मागणीसाठी चालतो, फी शून्य, आणि तिथे वकील घेऊन जाताच येत नाही, तुम्ही स्वतःच बोलायचं. कंपनीच्या नकारानंतर एक वर्षाच्या आत जा एवढंच.

हे सगळं मी त्या ग्रुपवर थोडक्यात टाकलं, तर ज्या काकूंनी फॉरवर्ड टाकला होता त्यांनी अंगठा दाखवला आणि दहा मिनिटांत गरम पाण्यात लिंबू पिण्याचे फायदे पाठवले.

आत्याच्या क्लेमचा निर्णय अजून आलेला नाही. गादी गॅलरीत उभी आहे, कपाटाचा फुगलेला तळ भिंतीला टेकवून ठेवलाय, वास जात नाही आणि टाकताही येत नाही, कारण कंपनीची परवानगी लेखी यायची आहे. पुरावा जपायचा, तेवढं एक त्या फॉरवर्डमध्ये चुकून बरोबर होतं.