मात्सुमोतोत चालताना आठवलेला सातारा

घरच्या ग्रुपवर दादाने परत तेच टाकलं, जपानने किल्ले पुन्हा उभे केले मग रायगडावरचे वाडे आपण का नाही बांधायचे, आणि खाली सगळ्यांचे अंगठे. मी नऊ वर्षं नागोयात राहतो, हे वाचलं की डोकंच फिरतं. इथला किल्ला १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळला, १९५९ ला सिमेंटचा बांधला, भूकंपात टिकेल का या भीतीने २०१८ पासून आत कोणाला सोडत नाहीत. आता लाकडाचा बांधायचा म्हणतायत तर त्यात लिफ्ट हवी की नको यावर भांडणं. हे हवंय का रायगडावर?

शनिवारी शिनानो ही रेल्वेगाडी पकडून मात्सुमोतोला गेलो, मुद्दाम. तिथला काळा किल्ला मूळचा, सोळाव्या शतकाच्या शेवटी बांधायला घेतलेला, आतले लाकडी जिने इतके उभे की हात टेकून चढावं लागतं. पण दादाला सांगायचं ते वेगळंच आहे. १८७२ मध्ये हाच किल्ला लिलावात विकला गेला होता, पाडायला! इचिकावा र्योझो नावाच्या गावातल्याच माणसाने किल्ल्यात प्रदर्शनं भरवून पैसे जमवले आणि तो परत मिळवला. पुढे बुरूज कलला तेव्हा कोबायाशी उनारी या हेडमास्तरांनी पुढाकार घेतला, १९०३ ते १९१३ दुरुस्ती चालली. म्हणजे पुन्हा बांधला नाही रे, पडू दिला नाही. आपला रायगड १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफांनी जळला, तिथे जे उरलंय ते जोत्यांचे दगड, त्यावर नवे वाडे चढवले की तेही जाणार.

किल्ल्यापेक्षा मी गावातच जास्त फिरलो. रस्ते मुद्दाम काटकोनात वळवलेले, शत्रूला सरळ येता येऊ नये म्हणून. नाकामाची नावाच्या जुन्या पेठेत १८८८ च्या आगीनंतर बांधलेली जाड भिंतींची गोदामं, त्यात आता दुकानं आणि कॉफी. गेंची विहिरीवर एक आजी दोन मोठ्या बाटल्या भरत होत्या, रोजचं पाणी असल्यासारख्या निवांत, आणि मला साताऱ्याची आठवण आली. आपलंही तसंच की, वर अजिंक्यतारा, खाली शाहू महाराजांनी वसवलेल्या पेठा, मंगळवार तळं. युनेस्कोच्या बारा किल्ल्यांत अजिंक्यतारा नाही म्हणून आम्ही ग्रुपवर दोन दिवस चिडलो, पण पायथ्याच्या पेठेत जुना वाडा पाडून बिल्डिंग होते तेव्हा कोणी एक मेसेज टाकत नाही. आमचा वाडाही गेला. सह्या करणाऱ्यांत मीही होतो, इथून कुरियरने कागद पाठवले, फ्लॅटचे पैसे आले ते घेतले. अंगणातला दगडी हौद कुठे गेला हे मी आजवर विचारलेलं नाही.

त्या विहिरीवर मीही बाटली भरली. गार होतं पाणी. रात्री परतीच्या गाडीत दादाला हे सगळं लांबलचक लिहिलं, हौदाचंही लिहिलं. त्याने एवढंच विचारलं, तू येणार कधी ते सांग, हौद माझ्या गच्चीवर आहे, तुळस लावलीय त्यात.