कोरडा दिवस कुठल्या वारी पाळू, साहेब?

दुपारी घरी आल्यापासून डोकं तापलंय. स्वयंपाक झाला, भांडी झाली, तरी जात नाही, म्हणून इथं लिहिते. लांबणार आहे. कंटाळा आला तर खुशाल पुढं जा.

सकाळी एका सभागृहात 'लोकसहभागातून आरोग्य' असा कार्यक्रम होता. खुर्च्या रिकाम्या दिसू नयेत म्हणून आमच्या गल्लीतून नऊ बायकांना रिक्षानं नेलं. वेळ दहाची, साहेब उगवले पावणेबाराला. मग दीपप्रज्वलन, शाल, नारळ, कुंडीतलं रोप. (रोपाच्या कुंडीखालच्या ताटलीत पाणी होतं. डेंग्यूच्या कार्यक्रमात! मी मुद्दाम बघितलं.) सोलापुरात आरोग्यावरचं भाषण डॉ. कोटणीसांशिवाय सुरू होत नाही, तसं आजही झालं. आमच्या गावचे हे डॉक्टर १९३८ साली युद्धातल्या जखमींच्या सेवेला चीनला गेले, १९४२ साली तिथंच वारले, हे आम्हाला शाळेपासून पाठ. त्यानंतर साहेब मुद्द्यावर आले. डेंग्यू का होतो? तर तुम्ही पाणी साठवता म्हणून. उपाय काय? दर शुक्रवारी कोरडा दिवस पाळा, सगळी भांडी रिकामी करून वाळवा. आणि मग ते ठरलेलं वाक्य, "नागरिकांची मानसिकता बदलली पाहिजे."

माझ्या शेजारी आमच्या समोरच्या अव्वा बसल्या होत्या. सत्तरी गाठली असेल, सगळी हयात विड्या वळण्यात गेली. माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "ह्यांच्याकडं शुक्रवारी पाणी येतंय का गं?"

मला हसू आलं, आणि लगेच संताप.

बाहेरगावच्या मित्रांसाठी सांगते, सोलापूरकरांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. आमच्याकडं नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. पाईपलाईन फुटली, वीज गेली, की तो पाचवा दिवस सहावा होतो. पाणी येतं शंभरेक किलोमीटरवरच्या उजनीचं. धरण प्लसमध्ये आहे की मायनसमध्ये, म्हणजे वापरायचा साठा उरलाय की तळाचा उपसायची वेळ आलीय, हे आमच्याकडची शाळकरी पोरंसुद्धा सांगतात. पाण्याची पाळी या खेपेला मंगळवारी, तर पुढच्या खेपेला रविवारी, तीही कधी रात्री दोनला. आता समजा गुरुवारी रात्री जागून बॅरल भरलं. शुक्रवारी ते ओतून द्यायचं? आणि मंगळवारपर्यंत प्यायचं काय, साहेबांचं भाषण?

म्हणे पाणी साठवता. हौस आहे का आम्हाला? घरात पाय ठेवायला जागा नाही तिथं तीन-तीन निळी बॅरल उभी करायची!

खरा राग याचा आहे की याचं उत्तर त्याच सभागृहात, सातव्या रांगेत, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलं होतं आणि त्याला कुणी माईक दिला नाही.

तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर माझा धाकटा तापानं फणफणला. तिसऱ्या-चौथ्या दिवशी डेंग्यूचं निदान झालं, प्लेटलेट घसरायला लागल्या. जो भेटायला यायचा तो पिशवीत पपईची पानं घेऊन. गल्लीत बावीस घरं, त्या पंधरवड्यात पाच जण आडवे. दवाखान्यातून कपडे न्यायला घरी आले तर समोर अव्वांची चार बॅरल ओळीनं उभी. माझा तोल गेला. भर गल्लीत म्हणाले, "तुमच्या ह्या डबक्यांमुळं माझं पोरगं पडलंय." अव्वा काही बोलल्या नाहीत. मांडीवरचं विड्यांचं सूप खाली ठेवलं आणि आत गेल्या. घरात सात माणसं, वर विडीची पानं भिजवायला रोज पाणी लागतं, चार बॅरल नाहीतर काय करणार होत्या?

दोन दिवसांनी परत कपडे न्यायला आले, तर अव्वांनी बॅरल गल्लीत आडवं पाडलेलं आणि स्वतः कंबरेपर्यंत आत. नारळाचा काथ्या घेऊन खसाखसा घासत होत्या. मला हाक मारली, "ये, बघ." आतल्या बाजूला जिथवर पाणी होतं त्या रेषेवर खसखस चिकटल्यासारखे काळे ठिपके. ही डासाची अंडी. पाणी ओतून दिलं तरी ती जात नाहीत, कोरडी पडून महिनोन्‌महिने तशीच राहतात आणि पुन्हा पाणी लागलं की जिवंत होतात. घासल्याशिवाय सुटका नाही. आमच्या भागातल्या आशाताईंनी, म्हणजे घरोघर फिरणाऱ्या आशा सेविकेनं, त्यांना बॅटरी मारून दाखवलं होतं.

इथवर आशाताईंचं. पुढचं डोकं अव्वांचं.

अंड्यापासून डास उडायला आठ-दहा दिवस लागतात, असं आशाताईंनी सांगितलं. अव्वांनी बोटं मोजली. पाणी येतं चार-पाच दिवसांनी. म्हणजे दर पाळीला बॅरल घासलं तर डास उडायच्या आधीच गटारात. आपलं चुकतं कुठं, तर जुनं पाणी तळाला असतानाच आपण वरून नवं भरतो. पाणी फेकायचा जीव होत नाही, म्हणून बॅरलचा तळ वर्षानुवर्षं कोरडा होतच नाही. तेव्हा कोरडा दिवस शुक्रवार नाही, सोमवार नाही. पाळीचा दिवस तोच कोरडा दिवस. उरलेलं पाणी धुण्याला, फरशीला, झाडांना. बॅरल आडवं, काथ्या, मग नवं पाणी, आणि तोंडाला जुन्या सुती साडीचं फडकं दोरीनं घट्ट.

बावीस घरांना हे समजावलं कुणी? अव्वांनीच. तेलुगू घरांत तेलुगूत, आमच्यात मराठीत, कोपऱ्यावरच्या दोन घरांत त्यांच्या मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये. पाणी सोडणाऱ्या चावीवाल्याला चहा पाजून पाळी कधी ते आदल्या संध्याकाळी विचारून घ्यायचं आणि दारोदार सांगत सुटायचं. याला लोकसहभाग म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं?

मजा म्हणजे सरकारच्या कागदावर हे सगळं आहे. २०१३ च्या राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानात महिला आरोग्य समिती आहे. पन्नास ते शंभर घरांमागं दहा-बारा बायका, सोबत आशाताई, आणि समितीनं आपल्या मतानं खर्चायला वर्षाला पाच हजार रुपये निधी. कुणीतरी शहाण्या माणसानं लिहिलंय हे. पाच हजारांत बावीस घरांना काथ्या, फडकी आणि दोन बॅटऱ्या येऊन वर उरतील. आज नुसत्या त्या फ्लेक्सला किती गेले असतील?

बरं, साहेबांची बाजूही मांडते, नाहीतर कमेंटमध्ये कुणीतरी मांडणारच आहे. एवढ्या मोठ्या शहराला एकच वार सांगणं सोपं पडत असेल. मान्य. महापालिकेची पोरं उन्हातान्हात घरोघर फिरतात, बॅरलमध्ये डोकावतात, औषध टाकतात, हेही खरं. त्यांच्यावर माझा राग नाही. पण ते औषध टाकून पोरं कोपऱ्यावर वळली की निम्म्या बायका पाणी ओततात किंवा गाळतात, वास येतो म्हणून. ते पिण्याच्या पाण्यातही चालतं हे नीट बसून कुणी सांगितलंच नाही. आदेश देणं वेगळं, बसून सांगणं वेगळं. सिद्धेश्वराच्या यात्रेत सात उंच, जड नंदीध्वज पेलायला आमची पोरं कितीतरी दिवस आधीपासून सराव करतात, त्यांना कुणी परिपत्रक काढतं का?

आणि आमची गल्ली म्हणजे काही आदर्श गाव नाही. दोन घरांनी तिसऱ्या महिन्यात सोडून दिलं. एका बंद घराच्या गच्चीवर टायर पडलेत, मालक पुण्यात, फोन उचलत नाही. गेल्या पावसाळ्यात एकीला पुन्हा डेंग्यू झालाच.

आता लिहितेच आहे तर एक गोष्ट कबूल करते. घरच्यांशिवाय कुणाला सांगितली नाही.

पोरगं घरी आल्यावर आशाताई बॅटरी घेऊन माझ्याकडं आल्या. मी ऐटीत म्हणाले, आमच्याकडं बॅरलच नाही, वर झाकणाची टाकी आहे. त्या बरं म्हणाल्या, स्वयंपाकघरात गेल्या आणि फ्रिज पुढं ओढायला सांगितला. मागं खाली तो पाणी साठायचा ट्रे असतो ना, तो. मी लग्नापासून एकदाही काढला नव्हता. त्यात अळ्या वळवळत होत्या. हा डास दिवसा चावतो, आणि माझं पोरगं दुपारी शाळेतून आलं की तिथंच फ्रिजजवळ फरशीवर बसून अभ्यास करायचं.

त्या दिवशी मी अव्वांच्या दारात गेले. त्या विड्यांना दोरा गुंडाळत होत्या. मला धड बोलता येईना. त्यांनी सूप बाजूला सरकवून ओट्यावर जागा केली आणि विचारलं, "पोरगं जेवतंय का आता?" एवढंच.

म्हणून आज त्यांना सातव्या रांगेत तीन तास बसवून, त्यांची निम्म्या दिवसाची मजुरी बुडवून, वर मानसिकता बदला म्हणून सांगितलेलं माझ्याच्यानं सहन झालं नाही. मी हात वर केला होता. सूत्रसंचालक म्हणाले, "ताई, वेळेअभावी." अव्वांना मात्र काहीच वाटलेलं नाही. नाश्त्याच्या पुडीतला लाडू नातवाला नेला, त्यातच खूश.

आत्ताच त्यांची समोरून हाक आली. चावीवाला सांगून गेलाय, पहाटे पाणी सुटणार. गेल्या पाळीला माझा काथ्या त्यांच्याकडंच राहिला, तो आणते आणि फ्रिज ओढते.