लेक व्ह्यू म्हणे!

आज सोसायटीच्या पुनर्विकासाची मीटिंग झाली. बिल्डरने पडद्यावर रंगीत चित्रं दाखवली. सात मजले, क्लब हाऊस, आणि वर ठळक अक्षरांत 'लेक व्ह्यू'. मी विचारलं, भाऊ, लेक कुठे आहे? तर म्हणे मागचं डबकं बुजवून तिथे पार्किंग, पार्किंगच्या स्लॅबवर गार्डन आणि गार्डनमध्ये निळ्या टाइल्सचं कारंजं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या! तेव्हापासून डोकं फिरलंय, म्हणून हे लांबलचक लिहितोय. ज्यांचे फ्लॅट बुक झालेत त्यांनी वाचू नका.

ज्याला ते डबकं म्हणतात, तिथे आजूबाजूच्या कॉलन्यांचं पावसाचं पाणी उतरतं. दिवाळीपर्यंत दिसतं, मग जिरतं. आमचा बोअर त्याच्या जिवावर चालतो. एका उन्हाळ्यात पलीकडच्या नव्या कॉलनीचे सगळे बोअर कोरडे पडले. त्यांनी आपला नाला आधीच बुजवून त्यावर प्लॉट पाडले होते. टँकर येईपर्यंत बाया हंडे घेऊन आमच्या कंपाउंडपाशी उभ्या राहायच्या. आईने भिंतीवरून पाईप टाकून दिला. कमिटीतले एक काका मोटारीच्या बिलावरून बोलायला आले, तर आई म्हणाली, "पानी काय आपला बापनं शे का?" काका गेले. पाईप राहिला.

तेच काका आज टाळ्या वाजवण्यात पहिले होते. असो.

आपल्या जळगाव शहराच्या खाली काळा दगड आहे. वरच्या मुरमात आणि दगडाच्या फटींत जेवढं मुरेल तेवढंच आपलं. पाऊस चार महिने, त्यातही पडतो तो मोजक्या दिवसांत धो धो. त्याला थांबायला जागाच ठेवली नाही तर तो गटारीतून निघून जाणार, आणि जाता जाता तळमजल्यात शिरणार. स्लॅबवरच्या गार्डनमधून पाणी जमिनीत जात नाही, पाईपातून रस्त्यावर जातं. त्या तीन फूट मातीत कडुनिंब वाढणार आहे का? आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोका कशाला बांधायचा, क्लब हाऊसच्या पंख्याला?

आणि हे आपण खान्देशी लोक! पांझरेच्या काठी आपल्याच पूर्वजांनी फडपद्धत चालवली. नदीवर बंधारा, पाटाने पाणी, पाटकरी सांगेल तसा वाटप, उरलेलं पुन्हा नदीत. आधी पाणी कुठून येतं नि कुठे जातं ते बघायचे, मग पीक ठरवायचे. आपण आधी पार्किंग ठरवतो. मग सुट्टीच्या दिवशी गाड्या काढून हतनूर धरणावर पक्ष्यांचे फोटो काढायला जातो. घरामागे बगळे उतरतात त्यांचे फोटो कोणी टाकलेले बघितले नाहीत मी. फोटो येतो तो मेहरूणच्या तलावावरच्या सूर्यास्ताचा, खाली 'माझं जळगाव' लिहून.

हो, मच्छर होतात. साप निघतो. लोक कचरा टाकतात, तेही खरं. बिल्डिंग गळते, लिफ्ट नाही, चौथ्या मजल्यावरच्या आजींना दवाखान्यात न्यायचं तर खुर्चीत बसवून उतरवावं लागतं. पुनर्विकास हवाच, मी नाही कुठे म्हणतोय? पण त्यासाठी पाण्याची जागाच का?

ग्रुपवरच्या एका वकील मित्राने लगेच नियम सांगितला. पाणथळ जागांचे 2017 चे नियम आहेत, पण सरकारी नकाशात मोजल्या गेल्या त्या सव्वादोन हेक्टरच्या वरच्या. तुमचं डबकं त्यात बसत नाही. नसेल बसत. आईचा पाईप कोणत्या नकाशात होता? बायांचे हंडे भरले ना?

ओपन स्पेसचंही तेच. मोठ्या लेआउटमध्ये दहा टक्के जागा मोकळी सोडायची असते, कागदावर ती असतेच. प्रत्यक्षात तिथे आधी तारेचं कुंपण येतं, मग आमदार निधीतून सभामंडप, मग लग्नाचे बुकिंग. पोरं रस्त्यावर क्रिकेट खेळतात आणि काच फुटली की आपण पोरांवर ओरडतो. आमची जागा अजून मोकळी आहे कारण ती त्या पाण्याला लागून आहे, पावसाळ्यात तिथे चिखल होतो, मंडप टाकता येत नाही. चिखलाने वाचवलंय तिला.

राग थोडा उतरलाय, तर कामाचं बोलतो. सखल जागा आणि ओपन स्पेस नकाशावर आधी आखा, दोन्ही एकमेकींना जोडून. बांधकाम राहिलेल्या उंच भागात. जमिनीवर कमी पसरा, एखादा मजला वर चढवा. तळघर नको, गाड्या खांबांखाली. नाल्याला पाईपात कोंबू नका, उघडा ठेवा. बिल्डरचे दोन-चार फ्लॅट कमी निघतील. आपल्या खोल्या तितक्याच राहतील, फार तर कॉर्पसचे, म्हणजे बिल्डर सभासदांना देतो त्या रकमेचे, थोडे पैसे घटतील. इथे बरेच जण गप्प होतील, मला माहीत आहे.

आई आज मीटिंगला नव्हती, गुडघ्यामुळे जिना उतरत नाही आता. लिफ्टची गरज तिलाच सगळ्यांत जास्त आहे. तिला चित्रं सांगितली तर तिने एवढंच विचारलं, मग बोअर कुठे घेणार?

बिल्डरकडे याचं उत्तर नव्हतं. 'कॉर्पोरेशनचं कनेक्शन आहे ना' म्हणाला. नळाला रोज पाणी येत नाही हे याला कोणी सांगितलं नाही वाटतं. वाघूर धरण भरलं तरी आपल्या टाकीत ते कधी पडेल, हे जळगावकराला विचारा.

2019 च्या नियमाप्रमाणे पुनर्विकासाला 51 टक्के सभासदांची संमती लागते. म्हणजे माझी एक सही अडवून काही होत नाही, कळतंय. तरी नव्या नकाशावर पाण्याची जागा निळ्या रंगात आखलेली दिसत नाही तोवर मी सही करणार नाही. आणखी कोण थांबतंय ते खाली फ्लॅट नंबरसकट लिहा. पुढच्या मीटिंगला यादी घेऊनच जातो.