'गोल करून बसवल्यानं भागाकार येतो का?' : एका निवृत्त मुख्याध्यापकांना उत्तर

नमस्कार गुरुजी,

तुम्ही नाव लिहिलेलं नाही, फक्त 'निवृत्त मुख्याध्यापक, नाशिकरोड' एवढंच. मी इथे नावानिशी लिहिते, एवढं आधी नोंदवून ठेवते.

महापालिकेच्या शाळांत आम्ही शिक्षकांबरोबर चालवतो त्या सामाजिक-भावनिक शिक्षणाच्या (मुलांना भावना ओळखायला आणि बोलून दाखवायला शिकवण्याच्या) प्रकल्पावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलंत ते जसंच्या तसं वर घेते, म्हणजे मी सोयीचं तेवढं उचललं असं कुणी म्हणायला नको:

"ताई, छान लिहिता. पण पोरांना गोल करून बसवून 'आज कसं वाटतंय' विचारल्यानं कुणाला भागाकार आलेला मी ३४ वर्षांच्या नोकरीत पाहिला नाही. प्रकल्प संपला की भिंतीवरचे हसरे-रडके चेहरे फाटतील आणि मास्तर पुन्हा ऑनलाइन माहिती भरत बसेल. तेव्हा कोण येणार? आणि तुम्ही लिहिलेले ११ टक्के हे टक्के नाहीत, पर्सेंटाइल आहेत. बघा एकदा."

शेवटापासून सुरुवात करते. पर्सेंटाइलचं तुमचं बरोबर आहे. आकडा होता अशा शालेय कार्यक्रमांवरच्या डरलॅक, वाइसबर्ग आणि सहकाऱ्यांच्या २०११च्या अभ्यासातला. २१३ कार्यक्रम, सुमारे २ लाख ७० हजार मुलं. त्यातला निष्कर्ष असा की अशा कार्यक्रमातलं सरासरी मूल अभ्यासात ५०व्या पर्सेंटाइलवरून ६१व्यावर जाईल, म्हणजे शंभरातल्या ५० मुलांच्या पुढे असलेलं मूल ६१ जणांच्या पुढे जाईल. ११ टक्के गुण वाढले असा त्याचा अर्थ नाही. घाईत लिहिलं, चुकलं. मान्य.

पण 'बघा एकदा'? गुरुजी, हे तुम्ही शाळेत कुणाला म्हणत होतात ते मला चांगलं माहीत आहे. घंटा दोन मिनिटं उशिरा झाली की शिपायाला म्हणतात तसं. आणि 'छान लिहिता, पण' या मराठी वाक्यातला 'छान' किती खरा असतो, ते सांगायला नको. मतभेदाचं मला वावडं नाही. गेल्या आठ वर्षांत शिक्षकांच्या खोलीत बसून मी यापेक्षा कडू ऐकलं आहे. ते समोर बसून, चहा पाजून सुनावतात, एवढाच फरक.

आता 'गोल करून बसवून'. या तीन शब्दांवर मी दोन दिवस अडकले आहे.

पंचवटीतल्या एका शाळेतली चौथी. पटावर ४३. निम्म्याहून जास्त मुलं पेठ-सुरगाण्याकडून कामाला आलेल्या घरांतली. द्राक्षाचा हंगाम सुरू झाला की काही आईबापांबरोबर बागांवर जातात, काही धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी राहतात. परत येतात तेव्हा वर्ग दोन धडे पुढे गेलेला असतो. तुम्ही ही मुलं पाहिलेली आहेत, नाही म्हणू नका. परिपाठ झाला की बाई बाकं भिंतीला सरकवतात, सतरंजी टाकतात. दहा मिनिटं. गोल अशासाठी की ओळीत बसलेल्या मुलाला समोरच्याची फक्त मान दिसते. बाईंना पहिल्या दोन ओळींतले चेहरे दिसतात आणि मागे काय चाललंय ते आवाजावरून कळतं. गोलात मागचा बाक नसतो. यात तत्त्वज्ञान नाही, बैठकव्यवस्था आहे.

आणि 'कसं वाटतंय' हा प्रश्न आम्ही विचारतच नाही. सुरुवातीला विचारला होता. ४३ मुलांकडून ४३ वेळा 'बरं' आलं. तेव्हा आमच्याकडे इंग्रजीवरून केलेले तक्ते होते, चेहऱ्यांखाली शब्द लिहिलेले. 'चिंताग्रस्त' वाचून एका मुलानं विचारलं, "हा कोणता आजार?" दुसऱ्या दिवशी बाईंनी तक्ता उलटा करून ठेवला आणि मुलांचेच शब्द फळ्यावर लिहायला घेतले. डोकं सटकलं. पोटात गोळा आला. कसंनुसं झालं. जीव लागत नाही. एकीनं सांगितलं, "रडू येतंय पण येत नाही." महिनाभरात फळ्याचा कोपरा भरला. म्हणजे तुमचे ते भिंतीवरचे हसरे-रडके चेहरे तिथे फाटायला आता उरलेलेच नाहीत. ते शिक्षिकेनं काढले, आणि मला न विचारता. मला त्याचा राग आला होता, हेही सांगते.

या गोलातच एक मुलगी म्हणाली की गणिताच्या तासाला पोटात गोळा येतो. बाईंनी आठवडाभर लक्ष ठेवलं. वहीवर तिची उदाहरणं बरोबर, फळ्यापाशी बोलावलं की हात थिजतो. मग बाईंनी तिला आधी शेजारणीबरोबर सोडवायला लावलं आणि फळा पंधरा दिवसांनी दिला. भागाकार तिला सतरंजीवर आला नाही, गुरुजी. भागाकार बाईंनीच शिकवला, भाजक-भाज्य-बाकी करत, नेहमीसारखा. पण अडलंय कुठे, ते सतरंजीवर कळलं.

३४ वर्षांत तुम्ही असं पाहिलं नाहीत. प्रश्न एवढाच की पाहायला गेला होतात का.

माझं माहेर सातपूरचं. वडील एमआयडीसीत एका कारखान्यात टर्नर. मी पाचवीत असताना कारखान्याला टाळं लागलं. आठ महिने ते सकाळी डबा घेऊन निघायचे आणि गोदाघाटावर बसून संध्याकाळी परत यायचे. आईला माहीत होतं, मला माहीत होतं, बोलायचं कुणी नाही. भागाकार मला येत होता. चौथीत येत होता. पाचवीत सरांनी फळ्यापुढे उभं केलं की येईनासा झाला. सरांना तो उद्धटपणा वाटला. तीन दिवस बाकावर उभी होते. आज २००९च्या शिक्षण हक्क कायद्याचं १७वं कलम अशा शिक्षेलाही मनाई करतं आणि मानसिक त्रासालाही. तेव्हा कायदाही नव्हता आणि विचारायची पद्धतही नव्हती. त्या सरांची नोकरीही तिशीच्या पुढे झाली असेल. त्यांनीही काही पाहिलं नाही.

हा पुरावा होत नाही असं तुम्ही म्हणाल. म्हणा. मला त्यावर वाद घालायचा नाही.

आणि हे खूळ माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. जेम्स कोमर नावाचे बालमनोविकारतज्ज्ञ अमेरिकेतल्या येल विद्यापीठातून १९६८मध्ये न्यू हेवन शहरातल्या दोन सरकारी शाळांत गेले. गरीब कृष्णवर्णीय वस्तीतल्या शाळा, गुणांत शहराच्या तळाशी. त्यांनी सुरुवात मुलांपासून केली नाही. मुख्याध्यापक, शिक्षक आणि पालक यांना एकत्र बसवलं, आणि एक नियम ठेवला: दोष कुणाचा, यावर बोलायचं नाही, पुढे काय करायचं तेवढं बोलायचं. पहिलं वर्ष गोंधळातच गेलं. पण ते टिकून राहिले आणि पुढच्या काही वर्षांत त्या मुलांचं वागणंही सुधारलं आणि गुणही. तुम्ही इतकी वर्षं शाळा चालवलीत. दोष कुणाचा हे न काढता झालेली एक तरी बैठक आठवते का? हे खोचक वाटलं तर वाटू दे.

कोमरांच्या त्या नियमामुळेच मी म्हणते की कार्यक्रम मुख्याध्यापकावर उभा राहतो किंवा पडतो. मूळ लेखात मी एवढंच म्हटलं होतं, आणि बहुतेक तेच तुम्हाला लागलं. एका शाळेत मुख्याध्यापिका स्वतः आठवड्यातून एकदा सतरंजीवर बसतात, गुडघे दुखतात तरी. तिथे शिक्षक एकमेकांशी बोलतात. दुसऱ्या शाळेत परिपत्रकावर सही झाली, फाइल कपाटात गेली, आणि आम्ही गेलो की वर्ग घाईघाईनं गोल होतो. आमची पाठ वळली की पुन्हा ओळी. हे मी तुमच्या आधी लिहिलेलं आहे, त्यामुळे 'नाटकं' वगैरे शब्द तुम्ही मनात योजले असतील तर उशीर झाला.

(दिल्लीत जुलै २०१८पासून नर्सरी ते आठवीला 'हॅपीनेस'चा रोजचा तास सुरू झाला, परीक्षेविना. अनेक जण त्याचा दाखला देतात. मला स्वतंत्र तास फारसा पटत नाही. तास वेगळा केला की उरलेल्या सात तासांत ओरडायची मोकळीक मिळते. पण तो वेगळा विषय.)

राहिला ऑनलाइन माहितीचा मुद्दा. प्रशिक्षणात एक बाई म्हणाल्या होत्या, "मॅडम, मला आधी बीएलओच्या कामातून सोडवा, मग मी शांत राहते." (बीएलओ म्हणजे मतदारयादीचं काम.) सगळे हसले, मीही हसले. शिक्षकांवर कामं आहेत हे कुणाला ठाऊक नाही? मतदारयाद्या काही मी काढल्या नाहीत. शिवाय त्याच २०११च्या अभ्यासात म्हटलं आहे की मुलांची अभ्यासातली प्रगती तिथेच वाढली, जिथे कार्यक्रम शाळेच्याच माणसांनी चालवला. बाहेरून आलेल्यांनी चालवला तिथे नाही. म्हणूनच वर्ग आम्ही घेत नाही, बाई घेतात.

प्रकल्प संपल्यावर कोण येणार वगैरे, त्यावर पुन्हा कधीतरी. प्रत्येक कामाला पहिल्याच दिवशी 'संपल्यावर काय' विचारलं तर शाळाच काढायला नको.

तुमच्या वयाचा आणि अनुभवाचा मान आहेच. मुलांना 'पोरं' म्हणण्याबद्दल मी काही बोलणार नव्हते, सातपूरला आम्हीही पोरंच होतो. तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. पंचवटीच्या त्या शाळेत सकाळचं सत्र आहे, परिपाठ साडेसातला. मुख्याध्यापिकांना विचारून तुमची सोय करता येईल. खुर्ची मिळणार नाही.

मूळ लेखात 'टक्के' खोडून 'पर्सेंटाइल' केलं आहे.